एका घरात दोन पत्ते देणारे: गुहागर तालुक्यातील एका घरगुती जाळ्याचे प्रकरण

गुहागर तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात माझ्या मावशीचे घर आहे. घर जुने आणि चिरेबंदी असून मागे नारळी-पोफळीचे आगर आहे. आगराच्या कडेला काकांनी काही वर्षांपूर्वी पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. हेदवीच्या दशभुजा गणपतीला आणि वेळणेश्वरला येणारी मंडळी तेथे उतरतात, आणि त्यांची नोंदणी, पावत्या व वर्षाचा हिशेब हे सर्व ओटीवरच्या संगणकावर चालते. मी चिपळूणला संगणक-दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे या घरातील यंत्रांचे दुखणे-खुपणे साहजिकच माझ्याकडे येते. येथे मांडलेले प्रकरण एका दिवसात सुटायला हवे होते. त्याला चार दिवस लागले, आणि त्यांपैकी निदान दोन दिवस माझ्या स्वतःच्या चुकीमुळे गेले.

घरातील जोडणी अशी होती. इंटरनेटची काचतंतूची तार माजघराच्या भिंतीवर लावलेल्या मुख्य राऊटरमध्ये येई. तेथून एक तार पाच तोंडांच्या एका छोट्या स्विचमध्ये जाई, आणि त्या स्विचमधून ओटीवरचा संगणक, त्याच्या शेजारचा प्रिंटर आणि आगरातल्या खोल्यांकडे जाणारी लांब तार अशा तीन जोडण्या निघत. जांभ्या दगडाच्या दीड फुटी भिंतींतून वाय-फायचा संदेश आरपार जात नाही, म्हणून खोल्यांच्या व्हरांड्यात एक जुना, दुय्यम राऊटर त्या लांब तारेच्या टोकाला बसवलेला होता. त्याचे काम पाहुण्यांना वाय-फाय पुरवण्यापुरतेच होते.

ऑक्टोबरमध्ये, परतीच्या पावसात, चित्रा नक्षत्राच्या एका संध्याकाळी जवळच वीज पडली आणि मुख्य राऊटर जळाला. काचतंतूतून वीज वाहत नाही; तडाखा आला तो घरातील विजेच्या तारांतून. सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, त्याने नवा राऊटर बसवला, मावशीच्या मोबाईलवर वाय-फाय लावून दाखवले आणि संगणकावर मात्र इंटरनेट येत नाही हे पाहून "तुमच्या कॉम्प्युटरचा नेटवर्क पोर्ट उडालाय, नवीन कार्ड घाला" असे सांगून तो निघून गेला. काकांनी कार्ड मागवण्यापूर्वी मला फोन केला, एवढेच त्यात बरे झाले.

फोनवर केलेले निदान

पोर्ट जळाला असेल तर संगणकाला तारेच्या दुसऱ्या टोकाची जाणीवच होत नाही. तार जोडलेली नाही असा संदेश येतो आणि पोर्टवरचा दिवा लागत नाही. काकांच्या म्हणण्याप्रमाणे दिवा लुकलुकत होता. मी त्यांना काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, पिंग ही, समोरच्या यंत्राला हाक देऊन उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा देऊन १९२.१६८.१.१ हा आकडा टाकायला सांगितले, कारण त्या घरातील राऊटरचा पत्ता तोच असल्याचे मला पूर्वीपासून माहीत होते. चारही वेळा उत्तर आले, एकही संदेश हरवला नाही. त्यानंतर ८.८.८.८ हा बाहेरच्या जगातला पत्ता पिंग करायला सांगितला. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सेवेचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सेवेचा पत्ता असून ती सेवा डिसेंबर २००९ पासून चालू आहे. बाहेरची वाट मोकळी आहे का हे पाहण्यासाठी आमच्या धंद्यातले सगळेच तो वापरतात. काकांनी वाचून दाखवले की १९२.१६८.१.१ कडूनच "डेस्टिनेशन नेट अनरीचेबल" असे उत्तर येत आहे.

या दोन उत्तरांवरून मी जो निष्कर्ष काढला तो तर्काला धरून होता आणि चूक होता. राऊटर जागेवर आहे, संगणकापासून राऊटरपर्यंतची वाट शाबूत आहे, आणि राऊटर स्वतःच सांगतो आहे की पुढे जायला रस्ता नाही. म्हणजे दोष कंपनीच्या तारेत आहे. मोबाईल चालतो याचा अर्थ मी असा लावला की तो मोबाईलच्या डेटावर चालत असणार. मावशीने मध्येच फोन घेऊन "अरे, मोबाईलवर सगळं दिसतंय, मधूनच जातं, पुन्हा लावलं की येतं, ह्या कॉम्प्युटरलाच काय धाड भरली?" असे विचारले होते. त्या वाक्यातील "मधूनच जातं" हे शब्द मी ऐकून सोडून दिले. कंपनीकडे तक्रार नोंदवा असे सांगून मी फोन ठेवला. तक्रार नोंदवली गेली, तार तपासली गेली, तार उत्तम होती.

पत्त्याचे पान

तिसऱ्या दिवशी मी मोटारसायकलने गुहागर गाठले. ओटीवर बसल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की जाड भिंतींच्या त्या घरात मोबाईलचा सिग्नल एका रेघेपलीकडे चढत नाही आणि मावशीने डेटा बंदच ठेवलेला असतो. मोबाईल वाय-फायवरच चालत होता. म्हणजे कंपनीची तार, नवा राऊटर आणि त्याचे वाय-फाय ही तिन्ही ठीक होती, आणि माझे फोनवरचे निदान तिथल्या तिथे कोसळले.

संगणकाचे नेटवर्क-पत्ते पाहण्याचा विंडोजमधील सर्वांत सरळ मार्ग म्हणजे काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही आज्ञा रोमन अक्षरांत लिहून पुढे तिरपी रेघ आणि ऑल हा शब्द देणे. सेटिंग्जमध्येही हीच माहिती मिळते, पण विखुरलेली. त्या पानावर बरेच काही छापून येते आणि नवख्या माणसाचे डोळे फिरतात, परंतु वाचण्यासारख्या ओळी पाच-सहाच असतात. काकांच्या संगणकावर त्या अशा होत्या: आयपीव्ही४ पत्ता १९२.१६८.१.१०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएस सर्व्हर ८.८.८.८, आणि या सर्वांच्या वर, सहज नजरेतून सुटेल अशी एक ओळ: डीएचसीपी एनेबल्ड, नो.

मग मी मावशीचा मोबाईल घेतला आणि वाय-फायच्या नावावर दाबून त्याचा तपशील उघडला. तेथे मोबाईलचा पत्ता होता १९२.१६८.०.१०७ आणि गेटवे १९२.१६८.०.१. तिसऱ्या जागी एकाऐवजी शून्य होते, आणि सगळा घोटाळा त्या एका अंकात होता.

काका शेजारी बसून हे पाहत होते आणि त्यांना प्रत्येक आकड्याचा अर्थ हवा होता, म्हणून मी त्यांना त्यांच्याच गावाच्या भाषेत सांगितले. आपल्या वाडीत प्रत्येक घराला वरचे घर, खालचे घर, विहिरीकडचे घर अशी नावे असतात, आणि वाडीच्या आत कोणाला निरोप द्यायचा तर तेवढे नाव पुरते. आयपी पत्त्याचे चार आकडे म्हणजे वाडी आणि घर यांची जोडलेली नावे होत; प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. त्यांतला किती भाग वाडीचा आणि किती घराचा हे सबनेट मास्क सांगतो. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे वाडीचे आणि शेवटचा घराचा. घरासाठी १ ते २५४ एवढे आकडे वापरता येतात, कारण ० हे वाडीचेच नाव ठरते आणि २५५ ही सर्व घरांना एकदम दिलेली हाक असते. ज्याच्याशी बोलायचे तो आपल्याच वाडीतला असेल तर संगणक त्याला थेट गाठतो. नसेल तर निरोप बेड्याशी, म्हणजे वाडीच्या फाटकाशी नेऊन देतो, आणि तेथून पुढची जबाबदारी बेड्याची. ते बेडे म्हणजे गेटवे.

काकांचा संगणक स्वतःला १९२.१६८.१ या वाडीतला समजत होता. जळालेला राऊटर त्या वाडीचा होता. नव्या राऊटरने १९२.१६८.० अशी दुसरीच वाडी वसवली होती, आणि मोबाईल नव्याने जोडला गेल्यामुळे त्याला नव्या वाडीतले घर मिळाले होते. संगणकाला कोणी काही सांगितले नाही, कारण डीएचसीपी एनेबल्ड, नो या ओळीचा अर्थच असा की या यंत्राने कोणालाही पत्ता विचारायचा नाही. त्याच्या मालकाने हाताने लिहून दिलेला पत्ता धरून बसायचे. पूर्वी प्रिंटर बसवायला आलेल्या कोणीतरी संगणकाला आणि प्रिंटरला असे पक्के पत्ते लिहून दिले होते. तसे करण्यात चूक काही नव्हती; पक्का पत्ता असला की प्रिंटर हरवत नाही. मात्र त्याने ही गोष्ट कुठेही लिहून ठेवली नव्हती.

मावशीची शंका याहून मार्मिक होती. शेजारच्या घरीही असेच १९२.१६८ चे काहीतरी लिहिलेले तिने पाहिले होते. "मग आपलं त्यांच्याकडे नाही का रे जायचं?" असे तिने विचारले. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर थोड्या इतिहासात आहे. आज घरोघरी चालणारी चार आकड्यांची पद्धत सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झाली. त्या पद्धतीत एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ होतात. तेव्हा ते अमाप वाटले असतील, पण पुढच्या पंधरा वर्षांतच ते पुरणार नाहीत हे दिसू लागले. फेब्रुवारी १९९६ च्या एका मानकाने तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे. हे पत्ते कोणीही आपल्या घरात वापरावेत, पण घराबाहेरच्या इंटरनेटवर त्यांना किंमत नाही, असा तो करार आहे. म्हणूनच दाभोळपासून देवगडपर्यंत हजारो घरांत १९२.१६८.१.१ हा पत्ता एकाच वेळी नांदू शकतो, जसे प्रत्येक वाडीत एक वरचे घर असते. बाहेर जाताना राऊटर आतल्या यंत्राचा पत्ता पुसून त्या जागी आपला बाहेरचा पत्ता घालतो, कोणी काय मागितले याची नोंद ठेवतो, आणि उत्तर आले की ते नोंदीप्रमाणे आतल्या यंत्राला पोचवतो.

बाहेरच्या पत्त्यांचाही तुटवडा पडला तो पुढे. जागतिक पातळीवरचा मोकळा साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला, आणि आशिया-पॅसिफिक विभागाचा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. तेव्हापासून अनेक कंपन्या ग्राहकांच्या राऊटरलाही खराखुरा पत्ता देत नाहीत. एप्रिल २०१२ मध्ये या कामासाठी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा वेगळा काढला गेला आहे. काकांच्या नव्या राऊटरच्या स्थितीदर्शक पानावर बाहेरचा पत्ता १०० नेच सुरू होत होता. त्याचा या दुखण्याशी संबंध नव्हता, पण आगरातला कॅमेरा पुण्याहून थेट घरच्या पत्त्यावर पाहता येत नाही अशी जी त्यांची जुनी कुरकुर होती, तिचे कारण मात्र तेथेच सापडले.

अर्धवट इलाज

इलाज सोपा होता. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट, आणि तेथे आयपी असाइनमेंट या नावापुढे मॅन्युअल असे होते ते ऑटोमॅटिक केले. आता संगणकाने पत्ता विचारायला सुरुवात केली. ही विचारणा चार टप्प्यांत होते: संगणक आपल्या वाडीत मोठ्याने हाक देतो की पत्ता देणारा कोणी आहे का, जो देणारा असेल तो एक पत्ता देऊ करतो, संगणक तो पत्ता मागून घेतो, आणि देणारा होकार देऊन तो ठराविक मुदतीसाठी त्याच्या नावे लावतो. या कराराला डीएचसीपी म्हणतात. दोन सेकंदांत संगणकाला १९२.१६८.०.१०४ हा पत्ता मिळाला आणि नोंदणीचे पान उघडले.

प्रिंटर अर्थातच बंद पडला, कारण तोही जुन्या वाडीतला पक्का पत्ता धरून होता. त्याच्या छोट्या पडद्यावरून त्याला स्वयंचलित केले, आणि मग नव्या राऊटरच्या पानावर त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसपुढे १९२.१६८.०.१५० हा आकडा राखून ठेवला. मॅक अ‍ॅड्रेस हा बारा चिन्हांचा क्रमांक यंत्राला कारखान्यातच मिळालेला असतो आणि राऊटर बदलला तरी तो तोच राहतो. पक्का पत्ता हवा असेल तर तो यंत्रावर कोरण्यापेक्षा राऊटरमध्ये राखून ठेवणे हेच मला योग्य वाटते. सर्व पत्ते एकाच वहीत राहतात आणि दोन यंत्रांना चुकून एकच पत्ता दिला जाण्याची भीती उरत नाही. विंडोजमधील प्रिंटरच्या पोर्टचा जुना आकडा बदलून पावतीही काढून पाहिली. दुपारी आमटी-भात आणि सोलकढी झाल्यावर मी चिपळूणला परतलो.

परतताना एक प्रश्न मनात यायला हवा होता, तो आला नाही. नव्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.०.१ आहे आणि जुना राऊटर तर जळून गेला आहे. मग दोन दिवसांपूर्वी काकांनी १९२.१६८.१.१ ला पिंग केले तेव्हा चारही वेळा उत्तर दिले कोणी?

दुसरा पत्ता देणारा

रात्री लाइट गेली, पहाटे आली. सकाळी सात वाजता काकांचा फोन आला की संगणक पुन्हा तसाच झाला आहे. मी पत्ते वाचून दाखवायला सांगितले. आयपीव्ही४ पत्ता १९२.१६८.१.१०१, गेटवे १९२.१६८.१.१, आणि डीएचसीपी एनेबल्ड, येस. संगणकाने पत्ता हाताने लिहिलेला वापरलेला नव्हता. त्याने विचारला होता, आणि जळालेल्या राऊटरच्या वाडीतील पत्ता कोणीतरी त्याला दिला होता. त्याच पानावर खाली डीएचसीपी सर्व्हर अशी एक ओळ असते, तिच्यात पत्ता देणाऱ्याचा स्वतःचा पत्ता लिहिलेला असतो. ती ओळ मी त्यांना वाचायला लावली. १९२.१६८.१.१.

पुढचे काम फोनवरच झाले. काळ्या खिडकीत ए-आर-पी ही तीन अक्षरे, मग एक जागा सोडून वजाचे चिन्ह आणि ए असे लिहिले की संगणकाने नुकत्याच ज्या शेजाऱ्यांशी संभाषण केले त्यांचे आयपी पत्ते आणि त्यांपुढे त्यांचे मॅक अ‍ॅड्रेस येतात. १९२.१६८.१.१ पुढचे बारा चिन्हांचे नाव काकांनी कागदावर उतरवून घेतले आणि ते घरातील एकेका यंत्राच्या बुडाशी चिकटवलेल्या चिठ्ठीशी ताडून पाहत फिरले. माजघरातल्या नव्या राऊटरशी ते जुळले नाही. आगरातल्या खोल्यांच्या व्हरांड्यात असलेल्या दुय्यम राऊटरशी मात्र पहिली अकरा चिन्हे तंतोतंत जुळली आणि बाराव्यात एकाचा फरक निघाला. एकाच राऊटरच्या तारेच्या आणि वाय-फायच्या बाजूंना असे लागोपाठचे क्रमांक देण्याची पद्धत असते.

आता सगळा उलगडा झाला. हा दुय्यम राऊटर बसवताना कोणीतरी त्याचे पत्ते वाटण्याचे काम शहाणपणाने बंद करून ठेवले असणार, त्यामुळे तो इतकी वर्षे निमूटपणे केवळ वाय-फाय पुरवत होता. वीज पडल्यावर त्याचा दिवा नीट लागेना म्हणून आगरात काम करणाऱ्या मुलाने त्याच्या पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी घालून आतले बटण दाबले. राऊटर चालू झाला आणि मुलाला आपण तो दुरुस्त केल्याचे समाधानही मिळाले, पण त्या बटणाने राऊटर कारखान्यातून आला त्या अवस्थेत गेला होता. कारखान्यातील अवस्थेत त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि पत्ते वाटणे चालू असते. त्यामुळे त्या दिवसापासून एकाच वाडीत पत्ते वाटणारे दोघे झाले: एकाकडे बाहेर जाण्याचा रस्ता होता, दुसऱ्याकडे नव्हता. संगणक पहिल्यांदा ज्याचे उत्तर येईल त्याचा पत्ता घेतो. देणाऱ्याला बाहेरचा रस्ता आहे की नाही हे तो विचारत नाही.

फोनवर मला फसवणारे पिंगचे उत्तर या दुय्यम राऊटरचे होते. जुन्या बेड्याच्या जागी योगायोगाने त्याच नावाचे दुसरे बेडे उभे होते, आणि "पुढे रस्ता नाही" हे त्याचे म्हणणे त्याच्यापुरते अक्षरशः खरे होते. पाहुणे चार दिवस तक्रार करत होते की खोलीत इंटरनेट कधी लागते, कधी लागत नाही. ते सर्वांनी पावसावर आणि रेंजवर ढकलले होते. मावशीच्या मोबाईलचे "मधूनच जातं, पुन्हा लावलं की येतं" हेही त्यातलेच. मुख्य राऊटरच्या वाय-फायवर असल्याने तिला बहुतेक वेळा त्याचेच उत्तर आधी येई, पण नेहमी नाही.

मग काल दुपारपासून रात्रीपर्यंत संगणक बिनतक्रार कसा चालला? याचे कारण मुदतीच्या नियमात आहे. मिळालेल्या पत्त्याची मुदत निम्मी संपली की संगणक पुन्हा सगळ्या वाडीला हाक देत नाही. ज्याने पत्ता दिला त्यालाच गाठून मुदत वाढवून घेतो. त्यामुळे एकदा बरोबर हाती लागलेला माणूस सहसा बरोबरच राहतो. नव्याने हाक देण्याची वेळ येते ती जोडणी तुटल्यावर. लाइट परत येते तेव्हा साधा, लहान दुय्यम राऊटर मिनिटाभरात जागा होतो, तर काचतंतूचा मुख्य राऊटर तयार व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो. काकांनी उजाडताच लाइट आल्याबरोबर संगणक लावला होता, आणि त्या अवधीत हाकेला ओ देणारा एकटाच होता. कोकणात लाइट जाण्यायेण्याचे दिवस कोणते हे सांगायला नको. हे दुखणे आठवड्यातून दोनदा तरी उलटलेच असते.

दुरुस्ती आणि तपासणी

चौथ्या दिवशी मी पुन्हा गेलो. दुय्यम राऊटरची लांब तार काढली, माझा लॅपटॉप त्याला थेट जोडला, त्याच्या पानावर जाऊन पत्ते वाटणे बंद केले आणि त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.२ असा केला. मुख्य राऊटर १०० ते १९९ एवढेच आकडे वाटतो, त्यामुळे २ हा आकडा तो कधी कोणाला देणार नाही. नंतर लांब तार त्याच्या चार सारख्या तोंडांपैकी एकात घातली; वेगळ्या रंगाचे जे बाहेरच्या इंटरनेटचे तोंड असते त्यात नाही.

त्या वेगळ्या तोंडात तार घातली असती तर पत्ते वाटणे बंद न करताही भागले असते, कारण मग दुय्यम राऊटर आपली वाडी स्वतःच्या मागे वेगळी ठेवतो. काही जण हाच मार्ग सुचवतात आणि पाहुणे त्यामुळे घरच्या यंत्रांपासून दूर राहतात असेही सांगतात. ते खरे नाही. तशा मांडणीत घरच्या संगणकाला पाहुण्यांची यंत्रे दिसत नाहीत, पण पाहुण्यांना मात्र बाहेर जाण्याची वाट घरच्या वाडीतूनच असल्याने घरचा प्रिंटर गाठता येतो. म्हणजे आडोसा उलट्या बाजूला पडतो. पाहुण्यांना खरोखर वेगळे ठेवायचे तर त्याची मांडणी मुख्य राऊटरपासूनच करावी लागते, आणि काकांना तूर्त ते नको होते.

या वेळी तपासणी केल्याशिवाय उठायचे नाही असे मी ठरवले होते. मुख्य राऊटर बंद केला, दुय्यम चालू ठेवला, आणि संगणकाला आहे तो पत्ता टाकून नवा मागायला लावला. घरात दुसरा कोणी पत्ते वाटणारा शिल्लक असता तर तो आताच पुढे आला असता. मिनिटाभराने संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता उमटला. हा पत्ता कोणी दिलेला नसतो; हाका मारून कोणाचेच उत्तर आले नाही की विंडोज या पट्ट्यातून स्वतःच एक आकडा निवडते. विंडोज ९८ पासून ही सोय आहे. एरवी हा पत्ता दिसला की तार किंवा राऊटर बिघडल्याचे लक्षण मानावे, पण त्या दिवशी मला तोच हवा होता. काकांना पडद्यावर पुन्हा "नो इंटरनेट" पाहून धसका बसला होता, त्यामुळे माझा आनंद त्यांना अस्थानी वाटला. मुख्य राऊटर चालू केल्यावर तीन मिनिटांत १९२.१६८.०.१०४ परत आला.

त्या पानावर एफई८० ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ताही दिसतो, त्याबद्दल काकांनी विचारले. तो नव्या, १२८ बिटांच्या पद्धतीतील केवळ वाडीपुरता पत्ता असतो आणि प्रत्येक विंडोज संगणकावर आपोआप तयार होतो. या घराच्या जोडणीवर नव्या पद्धतीचे बाहेरचे पत्ते मिळत नव्हते. मिळत असते तर जुन्या पत्त्याचा घोटाळा असतानाही काही संकेतस्थळे उघडली असती आणि काही उघडली नसती, आणि माझा आणखी एक दिवस गेला असता.

निघण्यापूर्वी एका कागदावर मुख्य राऊटर, दुय्यम राऊटर आणि प्रिंटर यांचे पत्ते, मुख्य राऊटर वाटतो त्या आकड्यांची मर्यादा, आणि कोणत्या राऊटरचे वाटप बंद आहे हे लिहून तो कागद ओटीवरच्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. मावशीने तो काढून दिनदर्शिकेच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी टाचला, कारण फडताळाचे दार पावसाळ्यात फुगते आणि ते तासायला सुतार यायचा होता. आगरातल्या मुलाला त्या बारीक भोकाबद्दल काकांनी स्वतःच समजावले. दिवाळीपर्यंत लाइट चार वेळा गेली आणि संगणक चारही वेळा योग्य पत्त्यावर परत आला. पाचव्या वेळी काकांचा फोन आला तो प्रिंटरच्या शाईसाठी होता.